मानशीची खुंटी

नार्वे, डिचोली
गुरुवार

प्रिय सुदेश,

हे पत्र वर्षा घरी असेल तेव्हाच वाच. ती कामावर गेली असेल तर पाकीट तसेच ठेव. आधी एवढे ऐक, मग पुढचे.

गेल्या सोमवारी पहाटे मी ध्यानाला बसलो नाही. आसन घातले, समई लावली, आणि डोळे मिटायच्या आधीच उठलो. एवढ्या वर्षांत ताप असतानाही मी बैठक चुकवलेली नाही. आईला वाटले माझे पोट बिघडले. ट्रंकेतून एक वस्तू काढली, पंच्यात गुंडाळली आणि बांधावरून मानशीपर्यंत चालत गेलो. मानशीचे बाबांच्या वेळचे लाकडी दार जाऊन आता लोखंडी आले आहे, त्याला चाकही आहे. काम मात्र तेच, भरतीचे खारे पाणी शेतात येऊ द्यायचे नाही. ओहोटी होती. दाराखालून पाणी नदीकडे निघाले होते आणि भात पिवळे पडून वाकले होते. मी उघड्या डोळ्यांनी तिथे उभा राहिलो. कशासाठी ते सांगतो, पण मला सरळ सांगता येत नाही, थोडे इकडेतिकडे होईल.

आई बरी आहे. गुडघे धरतात, पण तुळशीला पाणी घालायला कुणाला हात लावू देत नाही. तुझ्या गौरवीचा फोटो तिने देवघरात लावला आहे. दर चवथीला विचारते, यंदा सुदेश येतलो मरे? मी म्हणतो, त्याला रजा नसेल. तुला रजा असते हे तिलाही माहीत आहे. बेळगावहून नार्वे काही परदेश नाही.

वर्षाचा फोन आला होता. तू तिच्यावर रागावू नकोस, ती घाबरली होती. गौरवीने न्हाणीघरातला नळ उघडा टाकला म्हणून तू तिला मारलेस आणि मग तिथेच ओल्या फरशीवर बसून रडलास, असे ती म्हणाली. पोरीला तू काय सांगत होतास तेही तिने सांगितले. ‘पाण्याचं दार उघडं टाकलं की माणूस मरतो. मी टाकलं होतं.’ अकरा वर्षांची पोर. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास.

वाड्यावर मला साधू म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. बाबा गेले त्या वर्षापासून सगुण मास्तरांच्या हाताखाली देवळाच्या मंडपात आसने, प्राणायाम, ध्यान शिकलो. मास्तर म्हणायचे, मनात उठेल ते उठू दे, तू काठावर बसून बघ. मी काठावर बसलोच नाही. पाणी दिसले की मी श्वास कोंडायचा, नाम मोठ्याने घ्यायचे, आणि वर झाकण घालायचे. तासाभराने उठलो की लोक म्हणायचे, किती शांत चेहरा. तो चेहरा मी शिकून घेतला होता.

नोकरी पाणीपुरवठ्याची. सकाळी गावाचे व्हॉल्व उघडायचे, नवाला बंद करायचे. बंद केल्यावर मी परत जाऊन बघतो, मग घराच्या वळणावरून पुन्हा माघारी जातो. नळावरच्या बायका हसतात. एकदा त्यांतली रेश्मा म्हणाली, ‘कृष्णनाथबाब, व्हाल्वाक आता एक नारळ फोडचो, मगीर तो तुमकां सोडटलो.’ मीही हसलो. पण गेल्या मार्चमध्ये एका दिवशी मी बंद व्हॉल्ववर हात ठेवून उभा राहिलो तो मला हात काढताच येईना. दुपार झाली. शेवटी साहेबांनी जीपमधून घरी आणून सोडले आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या एका बाईंचा पत्ता दिला. मनावरचे जुने घाव बघणाऱ्या बाई, सुविधा त्यांचे नाव. वयाने माझ्या मुलीसारख्या. मी आधी दोन महिने गेलोच नाही. ध्यान करणाऱ्या माणसाला असल्या डॉक्टरची गरज काय, असा ताठा होता.

गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय करायला लावले असेल? पाय जमिनीला टेकवा, खोलीत दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावे घ्या. पंखा, खिडकी, पाण्याची बाटली, त्यांची चप्पल, माझे हात. मला हसू आले. मग त्या म्हणाल्या, आता दोन्ही गुडघ्यांवर एक-एक हात आळीपाळीने थोपटा आणि बाबा गेले त्या दिवसाचे जेवढे जमेल तेवढे सांगा, नाही झेपले की थांबायचे. मी संध्याकाळपासून सुरू करायचो आणि एकदम सकाळवर यायचो. दर खेपेस मधला तेवढाच तुकडा गळायचा, आणि दर खेपेस माझा उजवा हात थोपटायचा थांबायचा. चौथ्या की पाचव्या भेटीत त्यांनी विचारले, ‘कृष्णनाथराव, तुम्ही ध्यानाला बसता, की दडून बसता?’ मला राग आला. बसमध्ये धारगळच्या एका ओळखीच्या माणसाने हाक मारली, त्यालाही मी ओ दिली नाही. घरी येऊन आईवर ओरडलो, कढीत मीठ जास्त म्हणून. मीठ बरोबर होते.

सुदेश, मी आणखी एक गोष्ट करत आलो आहे. दर वर्षी सातेरीला कौल लावतो. भटजी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी फक्त म्हणायचो, मनात धरलेले काम करू का? बहुतेकदा डावी पडली, आणि मी सुटलो म्हणून साखर वाटली. दोनदा उजवी पडली. तेव्हा मी म्हटले, वारा असेल, पुढच्या वर्षी पुन्हा विचारू. हे सुविधाबाईंना सांगितले तर त्या एवढेच म्हणाल्या, की देवीला पूर्ण प्रश्न कधी सांगितला होता का. नव्हता सांगितला. देवळात, गाभाऱ्यासमोरसुद्धा नाही.

मास्तर आता ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांना म्हटले, तुम्ही सांगायचात की मनातले संस्कार बीजासारखे, साधनेने ते जळतात. माझे का जळले नाही? ते अंगणात काजूच्या बिया भाजत होते. म्हणाले, ‘भाजलेली बी रुजत नाही, खरं. पण भाजायची तर ती विस्तवात घालावी लागते रे बाबा. तू पुरून ठेवलीस आणि वर रोज पाणी घातलंस.’ काय पुरले ते त्यांनी विचारले नाही. एक बी फोडून माझ्या हातावर ठेवली. ती खाताना जीभ भाजली.

म्हणून सोमवारी मानशीवर गेलो. सुविधाबाईंनी सांगितले होते की एकटे जाऊ नका. मी गेलो. पाच गोष्टी मोजल्या. लोखंडी चाक, बगळा, शेवाळ, पलीकडची होडी, माझे हात. मग गुडघे थोपटायच्या ऐवजी बांधावर पावले टाकत राहिलो, डावा, उजवा, आणि तो गळालेला तुकडा मोठ्याने बोललो.

भाद्रपदातली अवस होती, उधाणाची भरती पहाटे येणार होती. संध्याकाळी बाबांनी तुला पाठवले, मानशीचे दार खाली सोड आणि खुंटी मार. तू गेलास, आलास, आणि बाबांनी विचारल्यावर सांगितलेस की मारली. पहाटे पाण्याच्या आवाजाने बाबा उठले. आपण दोघे त्यांच्यामागून धावलो. दार हातभर वर होते, खारे पाणी आत घुसत होते, बांध एका बाजूने खचत होता. दार खाली दाबायला बाबा उतरले आणि ओढीत गेले. दुपारी सापडले. दारापाशी खुंटी कुठेच नव्हती, म्हणून सगळे म्हणाले, पोराने मारलीच नसणार. तू म्हणत होतास, मारली, मी दगडाने ठोकली. मामांनी विचारले, काकांनी विचारले, शेजाऱ्यांनी विचारले, आणि तू दर वेळी दगड म्हणत होतास. नक्की का रे, आठव नीट, असे विचारून विचारून बाराव्या दिवशी तू आईच्या कुशीत शिरून म्हणालास, मारली नसेन. त्यानंतर तू पुन्हा कधी दगडाचे नाव काढले नाहीस. मामा तुला घेऊन गेले, तो तू तिकडचाच झालास. मी मुंडण केलेल्या डोक्याने पिंडांपाशी बसलो होतो. मी तुझे ते वाक्य ऐकले.

त्या संध्याकाळी तू परत आल्यावर मी मानशीवर गेलो होतो. नाटकाच्या तालमीला सुंगटे-कोळंबी भाजून न्यायची म्हणून. खुंटी काढली, दार उचलून अडकवले, जाळे लावले, ओंजळभर सुंगटे मिळाली. तालमीला उशीर झाला होता. दार तसेच राहिले. खुंटी माझ्या विजारीच्या खिशात राहिली. खैराच्या लाकडाची, बाबांनी डोक्याला तीन खाचा पाडलेली. दुसऱ्या दिवशी सगळे ती पाण्यात शोधत होते तेव्हा ती माझ्या मांडीला टोचत होती.

हे पत्र मी क्षमा मागायला लिहिलेले नाही. तू शिव्या दे, येऊ नकोस, गौरवीला माझे नाव सांगू नकोस, चालेल. तुझ्यासाठी बेळगावातल्या एका डॉक्टरांचा पत्ता सुविधाबाईंनी दिला आहे, तो पाकिटाच्या मागे आहे. जाशील की नाही ते तू ठरव. मी या खेपेस कौल लावला नाही. मंगळवारी न विचारता आईसमोर बसलो, खुंटी तिच्या पुढे ठेवली आणि सगळे सांगितले. तिने खाचांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, ‘माका सांगून कितें? ताका सांग. बारा वर्सांचो आसलो तो.’ तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, ताट मात्र वाढते. काल संध्याकाळी देवळाच्या मंडपात, बाबांना शोधायला उतरलेल्यांपैकी जे चौघे हयात आहेत त्यांना बोलावून हेच सांगितले, मास्तरांच्या देखत. एकजण उठून गेला. आज सकाळी खुंटीला दोरा बांधून ती या पत्रासोबत पार्सलात घातली आहे. तू हातात घे आणि डोक्यावर बघ, तीन खाचांच्या मधोमध दगडाने ठोकल्याची खूण आहे. ती तुझी आहे. तुला जे आठवत होते ते खरे होते, सुदेश. तू खुंटी मारली होतीस.

तुझाच,
भाई