नव्या घडीची पारख

३ जानेवारी, शुक्रवार

डबा अजून उघडलाच नाई. जिशाननं माह्या टेबलावर ठेवला न म्हणते, "अब्बा, दहा दिवस घालून पाहा. मग इमानदारीनं सांगा." बासष्ट हजाराची घडी! तेवढ्या पैशाची म्हैस घ्यायची म्हटलं तर माणूस चार बाजार फिरते. ही फोनसारखी चार्ज करा लागते म्हणे.

पोराचा डाव मले कळते. चंद्रपूरचा व्यापारी त्याले या घड्यांची एजन्सी देऊन राह्यला. एटापल्लीकडे खाणीवर साहेब लोक वाढले, ते घेतात. पण एजन्सीले काचेचं काउंटर पाहिजे, अन् दुकानात जागा एकच, माह्या टेबलाची. म्हणते, "तुम्ही फालतू म्हटली तर विषय बंद. चांगली म्हटली तर टेबल उचलू." एक्केचाळीस वर्षं त्या टेबलावर घड्या दुरुस्त केल्या मी. इथलंच सागवान. चारी बाजूनं बोटभर कठडा, स्क्रू घरंगळू नये म्हणून.

पोरगं हुशार आहे. फैसला माह्याच गळ्यात टाकला.

४ जानेवारी

उघडली. आधी हातात तोलली— हलकी! एवढी महाग वस्तू जड लागते असं वाटलं होतं. टायटॅनियम म्हणे. भिंग डोळ्याले लावून तासभर पाह्यली. जिथी पट्टा घडीच्या केसले मिळते, तिथी बहुतेक कारागीर हात आवरतात, कोण पाहते म्हणून. इथी आतली कडसुद्धा घासून गुळगुळीत केली आहे. ज्यानं केली त्याले सलाम.

काच नीलमची. सुईनं ओरखडून पाह्यली (जिशान नव्हता), काई झालं नाई.

अन् मले वाटलं होतं तसा नुसता टीव्ही नाई हा. खरे काटे आहेत, तिन्ही. पडदा खाली लहानसा, खिडकीएवढा. हे मले पटलं. काटा म्हणजे वेळ चालताना दिसते. आकड्यात ते नाई.

पट्टा मात्र रबराचा. बासष्ट हजारात रबर!

५ जानेवारी

आज रीतसर पारख केली. माह्या उस्तादांची शिकवण: घडी सहा बाजूनं ऐकायची. तोंड वर, तोंड खाली, मग चारी कडा. डोळे बंद. ते म्हणत, डोळा फसवते, कान नाई. जिशाननं दोन साल आधी तपासायची मशीन घ्या म्हटलं होतं, मी हाकलून लावलं होतं त्याले.

तर नवी घडी कानाले लावली. काईच नाई.

पुन्हा लावली. सेकंदाचा काटा तर टुणकन उडी मारून राह्यला, मी डोळ्यानं पाहून राह्यलो. पण आवाज नाई. सहाही बाजूनं नाई. बाजूची जुनी चावीची घडी लावून पाह्यली, ती नेहमीसारखी खणखणीत. म्हणजे कान ठीक, घडीतच काई करामत आहे.

काटा उडाला म्हणजे आतल्या चाकाच्या दाताले दात लागणार. लागला म्हणजे वाजणार. मग हे वाजत काऊन नाई? दिवसभर दुसरं सुचलं नाई. जेवतानाही तेच. शिरीन म्हणते, "अब्बा, भाजी घेतलीच नाई तुम्ही." सूनबाईले काय सांगू, मी दाते मोजून राह्यलो म्हणून.

७ जानेवारी

चाळीस वर्षं घड्या उघडल्या, अन् एक गोष्ट समजून नाई राह्यली. बरं वाटते. खरंच बरं वाटते.

८ जानेवारी, बुधवार

मुखरूभाऊ आले गावावरून, धान विकून. मागल्या महिन्यात घडी दुरुस्त करून दिली होती, पुन्हा घेऊन आले. "खुर्शीदभाऊ, थांबून थांबून चालते हो. सकाळी पाच वाजता उठतो, घडी तीन दाखवते." मी सहा बाजूनं ऐकली. साफ चाल. काटाही फिरत होता.

"चावी देता का रोज?"

"देतो ना. तुम्हीच सांगितलं होतं."

तिसरी चक्कर त्यांची. म्हटलं, घडीत काई खराबी नाई, धानाच्या बांधीत कामं करताना दणका लागत असन. काढून ठेवत जा. त्यांनी घडी रुमालात बांधून घेतली न गेले. चहाही घेतला नाई. असं पहिल्यांदाच झालं, मले जरा लागलं.

१० जानेवारी

नमाजले पायी गेलो, परतीत लाकूड डेपोपर्यंत फेरी मारली. घडी म्हणते, सहा हजार दोनशे पावलं. मी घरी येऊन जिशानले म्हटलं, हे सांगायले बासष्ट हजार कशाले, माहे गुडघे फुकट सांगतात. तो खूप हसला. किती दिवसांनी दोघं हसलो.

किमतीचं काय मग? इमानदारीनं लिहितो. चार्जिंग चार दिवस पुरते. दहा वर्षांनी आतली बॅटरी मिळन का, कोणाले माहीत. माह्या बापाची घडी पन्नास साल चालली, ही पंधरा चालली तरी नशीब. त्या हिशोबानं महाग. कारागिरीच्या हिशोबानं महाग नाई. अन् त्या न वाजणाऱ्या काट्याच्या हिशोबानं तर मी लाख देईन, फक्त आत पाहू द्या म्हणा.

१२ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं. जिशानले समोर बसवलं न म्हटलं, घडी चांगली आहे. एजन्सी घे.

तो टेबलाकडे पाहायले लागला. चेहरा पडला त्याचा, हे मी पाह्यलं. म्हणजे पोराले वाईट वाटत होतं तर! मग मी म्हटलं, पण टेबल हालणार नाई. काउंटर लहान बनव. या घड्या बिघडतीनच ना कधी? चंद्रपूर, नागपूर कशाले पाठवायच्या? मी शिकतो. व्यापाऱ्याले विचार, एखादी बंद पडलेली देते का उघडायले. तो काटा न वाजता उडते कसा, हे पाह्यल्याशिवाय मी मरत नाई.

"अब्बा, एकसष्ट के हो गए आप."

म्हटलं, तर? बोटं थरथरतात का माही? डोळ्यानं कमी दिसते का? कान खराब आहे?

त्यानं हात पुढं केला. ठरलं. उद्या सुताराले बोलावतो, काउंटर दीड हात कमी करायले. मी नवीन बारीक पेचकस मागवले आहेत, बाराचा सेट. पोरासारखा खूश आहे मी. लिहायले लाज वाटते, पण आहे.

१३ जानेवारी

शिरीनले गंमत दाखवायची होती. घडी तिच्या कानाले लावली. म्हटलं, काटा पाह्य, कसा उडते, अन् आवाज नाई. ती म्हणाली, "येते ना अब्बा. चांगली टिकटिक येते."

दुकानात आलो. ड्रॉवरमधून एक घडी काढली, स्प्रिंग तुटलेली, दोन सालापासून बंद. डोळे मिटून कानाले लावली. टिकटिक आली. खणखणीत. म्हणजे मी घड्या ऐकतच नव्हतो, सवयच वाजत होती कानात. नवीची सवय नव्हती, म्हणून तेवढी मुकी. किती जणांले बिघडलेल्या घड्या मी ठीक म्हणून वापस दिल्या, अल्ला जाणे.

सुतार आला तेव्हा टेबल मी रिकामं करून ठेवलं होतं. जिशान म्हणते, "अब्बा, टेबल राहीन असं ठरलं होतं ना?" म्हटलं, काउंटर पूर्ण मापाचं बनव, दुकान भरलेलं दिसते. त्यानं मले मिठी मारली.