चार फ्लॉप्या आणि दोन सह्या

नल्लकुंटा, हैदराबाद
गुरुवार, ८ फेब्रुवारी २००१

चि. विकास,

तुला आणि शिल्पाला आशीर्वाद, बबलूला पापा. गुडघा सोडला तर मी बरी आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. समोरच्यांनी वरचा मजला चढवला, त्यामुळे आता आपल्या तुळशीला ऊन दहानंतर मिळतं. तिकडे बर्फ पडतो म्हणे. बबलूला कान झाकून बाहेर पाठवा.

हे पत्र टपालाने येणार नाही. नेहमीसारखं कागदावर लिहिते आहे, पण उद्या प्रियदर्शिनीच्या इंटरनेटच्या दुकानात नेऊन याचा फोटो करून घेणार आणि तो तुझ्या ई-मेलवर पाठवणार. फोटो असल्यामुळे तुझ्या कॉम्प्युटरवर अक्षरांचे चौकोन होणार नाहीत. न वाचायला निमित्त राहणार नाही. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढते आहे. वेळ लागला तरी तू स्वतः वाच. शिल्पाकडून वाचून घेऊ नकोस.

चिक्कडपल्लीच्या आपल्या वाचनालयाची सभा रविवारी अठरा तारखेला आहे. विषय एकच. हॉल कॉम्प्युटर क्लासला द्यायचा आणि पुस्तकांची कपाटं बाहेर काढायची. मराठी वाचायला आता कोण येतं, असं सगळे म्हणतात. मी येते. रोज चार ते सहा. कुसुमताई येतात. आणखी सात-आठ जण येतात. पण आम्ही कुणाच्या मोजणीत नाही.

मी अध्यक्षांकडे, म्हणजे तुझ्या दिगंबरकाकांकडे, बोलायला दहा मिनिटं मागितली. ते हसून म्हणाले, "वहिनी, बोलायचे दिवस गेले. आता साहेबलोकांना बोललेलं ऐकू येत नाही, पडद्यावर दिसलं की ऐकू येतं. क्लासवाले पडद्यावर दाखवणार आहेत. तुमच्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तर आणा."

मी म्हटलं, "आहे."

त्यांना वाटलं मी पापड दाखवणार.

तुझ्या बाबांनी शेवटच्या वर्षात वाचनालयावर चोवीस पानांचा तो स्लाइड-शो केला होता, ते तुला ठाऊक आहे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी भिंग लावून एकेक फोटो बसवला. दाखवायच्या आधीच ते गेले. चौदा महिने झाले. मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू करते, चोवीसही पानं बघते आणि बंद करते. आपल्या घरी ती नीट दिसतात. घराबाहेर पडली की दिसत नाहीत.

डिसेंबरात मी ती फाइल, बाबांच्या सुट्या फोटोंसकट, तुला पाठवली होती. "कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी करून दे," एवढंच म्हटलं होतं. तू दोन दिवसांत परत पाठवलीस. छान होती. मथळे उडत उडत येत होते. पण पानं नऊच, आणि सगळी इंग्रजीत. मी फोनवर विचारलं तर तू म्हणालास, "आई, मराठी फॉन्ट कुठेच चालत नाहीत. आणि काही फोटो अस्पष्ट होते, ते काढले." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा बरं म्हणायला नको होतं.

मग मी मूळ फाइल फ्लॉपीवर घेऊन प्रियदर्शिनीकडे गेले. ती तेलुगू, पण माझ्याशी आपल्या हैदराबादी हिंदीत बोलते. दोन मुलं सांभाळून दुकान एकटी चालवते. तिने फ्लॉपी घातली आणि म्हणाली, "आंटी, फाइल नवी है, मेरा सॉफ्टवेअर पुराना है. खुलती नै." दुसऱ्या दिवशी घरीच जुन्या पद्धतीत साठवून नेली. तेव्हा उघडली, पण "डब्बे आ रे, देखो." सगळीकडे चौकोन आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. फॉन्ट म्हणजे छापखान्यातले खिळे, असं तुझे बाबा सांगायचे. ज्याच्याकडे ते खिळे नाहीत त्याला ते अक्षर उमटवता येत नाही. आणि फोटोंच्या जागी लाल फुल्या. "फोटुआं फाइल में हैच नै आंटी. खाली पता लिखा है. फोटुआं घर पे बैठे हैं."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. पत्ता आहे आणि माणूस नाही, हे काही मला नवीन नव्हतं.

तिनेच मग तोड काढली. "हर पन्ने का फोटो निकालते. फिर कायकू रोना फॉन्टां के वास्ते? फोटो तो फोटोच है." घरच्या कॉम्प्युटरवर एकेक पान उघडायचं, त्याचं चित्र करायचं आणि चित्रांची नवी फाइल करायची. कुठल्या कळा दाबायच्या ते तिने कागदावर काढून दिलं. चोवीस पानांना मला सहा दिवस लागले. एका फ्लॉपीत मावत नाहीत, म्हणून तीन केल्या. चौथीत बाबांची मूळ फाइल, जुन्या पद्धतीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. एवढा वेळ फ्लॉप्यांचंच सांगत बसले, कारण ते सांगणं सोपं आहे.

परवा कुसुमताई एका कागदाची प्रत घेऊन आल्या. हॉलमधली मधली सहा कपाटं तुझ्या बाबांनी दिलेली. घरच्यांच्या संमतीशिवाय ती हलवायची नाहीत, असं त्यांनी देतानाच लिहून घेतलं होतं. कागद म्हणजे ती संमती. पहिल्या ओळीत, हॉलला कै. भगवंतरावांचं नाव देण्यात येईल. पाचव्या ओळीत, कपाटं व पुस्तकं हलवण्यास व पुस्तकांची विल्हेवाट लावण्यास हरकत नाही. खाली सही तुझी. अमेरिकेहून फॅक्सने आलेली.

मला कुणी विचारलं नाही. तूही नाही.

मी रडले नाही, विकास. कुसुमताईंना चहा केला. त्या गेल्यावर कागद पुन्हा वाचला. मग प्रियदर्शिनीकडे नेला आणि त्याचंही चित्र करून पंचविसावं पान केलं.

तू तो वाचून सही केली असशील तर तसं मला कळव. तू आता मोठा आहेस, तुझं मत असू शकतं. मी ते पान दाखवीन, माझ्या मुलाचं मत म्हणून सांगीन, आणि त्याच्याविरुद्ध बोलेन. न वाचता केली असशील तर तेही कळव. पण कळव. गप्प राहिलास तर मी तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ माझ्या मनाने लावणार नाही. पडदा मोठा आहे, सभेतल्यांना लावू दे.

आई


नल्लकुंटा
सोमवार, १९ फेब्रुवारी २००१

चि. विकास,

तिघांना आशीर्वाद. शनिवारी तुझा फोन आला आणि फॅक्सही आला. रविवारचं तुला सांगायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "बरं बरं" म्हणाला असतास, म्हणून लिहिते.

फोनवर तू म्हणालास, "आई, काका म्हणाले बाबांचं नाव हॉलला द्यायचंय, सही हवी. कागद मराठीत होता. मी नीट बघितला नाही." मी विचारलं, "बघितला नाहीस की वाचता आला नाही?" त्यावर तू बबलूचं सांगू लागलास. तुला मराठी वाचायची सवय राहिली नाही, यात आमचाही हात आहे. सहावीत इंग्रजी शाळेत आम्हीच घातलं. चांगलंच केलं, तुझं भलं झालं. पण वाचता येत नाही तो कागद बाजूला ठेवावा, एवढं कुठल्याही भाषेत शिकवतात.

मी म्हटलं, "जे मला सांगितलंस ते लिहून पाठव. तुझ्या हाताने. मराठीत."

सभेला हॉल भरला होता. क्लासवाल्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर आणि पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र आणलं होतं. त्यांचं आधी झालं. रंगीत खुर्च्या, रंगीत मुलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट नव्हतं, खरं सांगते.

मग मी पिशवीतून फ्लॉप्या काढल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चतुराबाईंनी लोणच्याच्या बरण्या नाही आणल्या?" कुसुमताई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "आणल्यात, तोंडात मिरची कोंबायला."

पहिली मी बाबांची मूळ फाइलच दिली. नीट दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्या हॉलमध्ये, त्या पडद्यावर, त्यांनी केली तशी एकदा तरी उघडून बघावी, एवढीच इच्छा होती. उघडली. चौकोन, उलटी अक्षरं, लाल फुल्या. लोक हसले. दिगंबरराव उठून मायेनेच म्हणाले, "राहू द्या वहिनी. भगवंताची भावना पोचली आम्हाला."

मी म्हटलं, "भावना नाही, फाइल पोचवायची आहे. अजून तीन आहेत. बसा."

बसले ते.

चित्रांची पानं मात्र अगदी घरच्यासारखी उघडली. जुना हॉल, पहिली चार कपाटं, अफझलगंजच्या दुकानातून हातगाडीवर आणलेली पुस्तकं, गाडीमागे धोतर सावरत चाललेले तुझे बाबा. लोक एकमेकांना माणसं दाखवू लागले. "ते बघा, आमचे मामा." हसणं थांबलं, ते कधी थांबलं ते कळलंही नाही.

मग एकोणिसावं पान आलं. तू काढून टाकलेलं. वाचनालयाच्या नोंदवहीचा फोटो, सन १९७९. फोटो अस्पष्ट नाही रे. त्यातली सही तशी आहे.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू चौथीत होतास. तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी मी अंगठा उठवला होता, तुझे बाबा तेव्हा दौऱ्यावर होते म्हणून. तू तो खोडरबराने घासलास. शाई जाईना, म्हणून इतकं घासलंस की कागदाला भोक पडलं. बाईंना सांगितलंस, उंदराने कुरतडलं. दप्तर आवरताना मला ते भोक दिसलं. त्यात बोट घालून बघितलं, माझा अंगठा त्यातून आरपार गेला असता. तुला काही बोलले नाही. लहान होतास, आणि खरं सांगायचं तर तुझा राग नाही आला, माझाच आला.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात झाडायला जाऊ लागले. तुझ्या बाबांनाही कारण सांगितलं नाही. कपाटं पुसता पुसता पुस्तकांच्या पाठीवरची नावं अक्षर लावत वाचू लागले. आधी दोन अक्षरी, मग तीन. अडलं की कुसुमताईंना विचारायचे, त्यांनी कधी दात काढले नाहीत. सात महिन्यांनी पहिलं पुस्तक घरी नेलं आणि वहीत सही केली. ती ही. तुझ्या बाबांनी तिचा फोटो काढून ठेवला होता, हे मला ते गेल्यावर, संध्याकाळी एकटी पानं बघताना कळलं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बोलले नाहीत कधी.

सभेत मी एवढंच म्हटलं, "ही माझी सही. या कपाटांच्या धुळीतून आली आहे. आता दुसरी सही बघा."

आणि पंचविसावं पान लावलं.

तुला ओळखणारी निम्मी माणसं होती तिथे. दिगंबरराव म्हणाले, "यात लपवलं काय आहे? मुलाने सही केली आहे. वारस आहे तो."

"वारस मीही आहे," मी म्हटलं. "माझी सही का नाही घेतली?"

"वहिनी, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास माझा की तुमचा? मी वाचून सही करते, हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मग मी सव्विसावं पान लावलं. शनिवारी रात्रीचा तुझा फॅक्स, प्रियदर्शिनीने सभेआधी त्याचंही चित्र करून दिलं होतं. चार ओळी. वाकड्या, खाली उतरत गेलेल्या, दोनदा खोडलेल्या. "हा कागद मी न वाचता सही केला. ती संमती मी परत घेतो. आईला विचारा. विकास भगवंतराव." ते मी मोठ्याने वाचलं नाही. पडद्यावर राहू दिलं. लोकांनी आपापलं वाचलं. ज्यांना मराठी लवकर लागत नाही ती तरुण पोरं ओठ हलवत वाचत होती, तेही मी बघितलं.

लाज वाटली असेल तुला. वाटू दे. माझ्या अंगठ्याला भोक पडलं होतं, तुझ्या सहीला ठिगळ लागलं. ठिगळ बरं.

निकाल असा की सहा कपाटं जागची हलणार नाहीत. क्लासवाल्यांना मधोमध सहा कपाटं असलेला हॉल नको, त्यांनी सामान गुंडाळलं. दिगंबरराव जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचनालय वाचवलंत की बुडवलंत, ते दोन वर्षांनी कळेल." खोटं नाही ते. छत गळतं, आणि कॉम्प्युटर शिकायला पोरं येतीलच, यायलाच हवीत. मी प्रियदर्शिनीला विचारलं आहे, मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर ठेवून शिकवशील का. ती म्हणाली, "हौ आंटी, पर पहले आपका ओरिजिनल फाइल का फॉन्ट डालेंगे." म्हणजे तुझ्या बाबांची चोवीस पानं त्या इमारतीत त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत उघडतील. फोटोत नाही.

तू मला तिकडे बोलावतोस. घर विकायचं म्हणतोस. त्याचंही उत्तर आजच देते, म्हणजे पुन्हा कागद फिरायला नको. मी येईन, बबलूला बघायला, उन्हाळ्यात, दोन महिने. आणि परत येईन. घर विकायचं नाही. त्या कागदावर तुझी सही चालणार नाही, माझी मिळणार नाही.

येताना बबलूसाठी बाराखडीचं पुस्तक आणीन. तूही त्याच्याशेजारी बसायचं. ओठ हलवत वाचलंस तरी चालेल, मी हसणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, आणि मग सही केली.

चतुराबाई भगवंतराव
तुझी आई