सनद नसलेला सल्ला

बुधवार, ३ फेब्रुवारी

चि. वकीलबाई भाचीस,
अ. आ.

तुझ्या मामावर खटला भरलाय, हे आईकडून कळलंच असेल. गुन्हा काय, तर सनद नसताना वकिली केली. वकील संघाची तक्रार आहे. कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर त्याच इमारतीसमोर टाइपरायटर घेऊन बसलो. लोक अर्ज टाइप करून घेतात, जाता जाता चार गोष्टी विचारतात, मी सांगतो. आता तोंड शिवून बसायचं का?

निमित्त झालं शिवणवाल्या बाईंचं. खोली रिकामी करून मिळावी म्हणून घरमालकाने दावा लावला. बाईंचं उत्तर मी लिहून दिलं. पहिल्या तारखेला काही होत नाही, पुढची तारीखच पडते, कामाचा दिवस बुडवू नका, असंही सांगितलं. एकतीस वर्षांत मी दुसरं काही पाहिलेलं नाही. पण नव्या न्यायाधीशबाईंनी त्याच दिवशी प्रकरण चालवलं. बाई गैरहजर, निकाल एकतर्फी. महिनाअखेर खोली सोडायची आहे.

तू माझं वकीलपत्र घे. सल्ला दिल्याचा कागद कुणाकडे नाही आणि बाई माझ्याविरुद्ध बोलणार नाहीत. सहज सुटेन. तब्येतीला जप.

तुझा मामा

शनिवार, ६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आई दोन दिवस तुमच्या नावाने बोटं मोडतेय आणि मधेच तुम्ही नीट जेवताय ना, तेही विचारतेय.

तुमचा खटला मी घेतला तर बहुधा जिंकेन. तेच मला टोचतंय. काल तुम्हाला न सांगता शिवणवाल्या बाईंकडे जाऊन आले. खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. मी दारातच उभी राहिले, आत जागा नव्हती. तुमच्याबद्दल त्या एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. साहेबांना यात ओढू नका, म्हणाल्या.

एकतर्फी निकाल रद्द होऊ शकतो, पण गैरहजेरीचं सबळ कारण लागतं. कारण एकच आहे, तुम्ही येऊ नका म्हणालात. त्यांच्या एकटीच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही, तुमचं प्रतिज्ञापत्र हवं. आणि ते दिलंत, तर तुमच्या खटल्यात तोच कबुलीजबाब ठरेल. कैदही होऊ शकते. अर्जाची मुदत वीस तारखेला संपते.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मला तुमच्यासाठी फार भीती वाटते. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची भाची

मंगळवार, ९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
आ.

काळा कोट चढवल्यापासून मामाला शहाणपण शिकवायला लागलीस. तारखांवर तारखा घेऊन ज्यांनी लोकांना देशोधडीला लावलं, त्या सगळ्यांकडे सनदा होत्या. मी सनदेवाचून किती जणांच्या अडीनडीला धावलो, ते कुणालाही विचार. या वयात कैदेत जाऊ? काहीही लिहून देणार नाही. आशीर्वाद आहेत, पण आज राग जास्त आहे.

मामा

गुरुवार, १८ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

मागच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस.

परवा एक गवंडी आला. पहिल्या तारखेला यायलाच हवं का, असं त्याने विचारलं आणि मी मनात महिने मोजायला लागलो. त्या न्यायाधीशबाई येऊन सहा महिने झाले. या सहा महिन्यांत मी किती जणांना येऊ नका म्हणालो, आठवेना. त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही. म्हणजे काम झालं, असं मी समजत होतो. मला फार लाज वाटली.

काल बाईंना एका सनदवाल्या वकिलाकडे घेऊन गेलो. प्रतिज्ञापत्र त्याने लिहिलं. दोन वाक्यं उगाच लांबवलीत, माझे हात शिवशिवत होते, पण गप्प बसलो. सल्ला मी दिला, तो चुकीचा होता, माझ्या शब्दावर बाई आल्या नाहीत, असं त्यात आहे. सही केली. अर्ज आज दाखल झाला.

आता माझं वकीलपत्र घेशील का? सोडवू नकोस, नुसती शेजारी उभी राहा. तुझ्या आईला मीच सांगतो, तिची बोटं मोडून झाली की.

बाईंचा निकाल लागेल तेव्हा मी आत असलो, तर माझी खुशाली विचारण्याआधी त्यांच्या खोलीचं काय झालं ते कळव.

तुझ्यावर पूर्वीइतकाच जीव असलेला,
मामा