आजीवन रेडिओ आणि म्हशीचा पाय

इंझोरी, गुरुवार संध्याकाळ

आजीवन वर्गणी माणसाला नाही, रेडिओच्या संचाला लागू असते, हे वाशीमच्या दुकानदाराने आज फोनवर पक्कं केलं. संच फुटला की वर्गणी संपली. आणि उपग्रहावरून गाणी देणारी ही कंपनी तरी किती वर्षं टिकेल?

शांताला सांगायला गोठ्यात गेलो. ती धार काढत होती. चाचणीसाठी आणलेला संच म्हशीच्या मागच्या पायाजवळ, पालथ्या घमेल्यावर गात होता. गाण्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, असं शांता म्हणते. पान्हा निमित्त असावा. लेक सासरी गेल्यापासून गोठ्यात तिच्या सोबतीला कोणी नाही.

"फडताळात ठेवू," मी म्हटलं. "एक लाथ बसली की आजीवन संपलं."

"मंग फडताळाचीच धार काढा तुमी! आन् कंपनी बुडन म्हनून आतापासून कायले रडून राह्यले? लगनाच्या वक्ती माह्या बापानं तुमची ग्यारंटी मांगतली होती का?"

हसू आलं. पण तो मागचा पाय...

उद्या वाशीमला जाऊन वर्गणी भरेन. त्याआधी गोठ्याच्या खांबाला खिळा ठोकायचा आहे, लाथ पोहोचणार नाही आणि शांताचा हात पोहोचेल, एवढ्या उंचीवर.