नाल्यापलीकडची बारा घरं

बोईसर, माघ वद्य पंचमी, १९६६

ती. सौ. आक्कास, धाकट्या नरहरीचा साष्टांग नमस्कार.

तुझं गुडघ्याचं दुखणं मिरजेच्या थंडीत वाढलं नसेल अशी आशा करतो. दाजींची खोकल्याची उबळ कशी आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत. (आम्ही म्हणजे मी. हंसा अजून माहेरी आहे.) पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर तुझी छाती फुगेल. तुझा भाऊ, ज्याला तू दुकानात उरलेले सुटे पैसे मागायलाही पाठवत नव्हतीस, त्यानं इथं बारा घरं वसवली.

तारापूरकडे विजेचा कारखाना उठतोय हे तुला ठाऊकच आहे. त्यासाठी खडी फोडायला मासवणकडची डोंगरातली माणसं बोईसरला आली. काम मिळालं, पण डोक्यावर छप्पर कुणी दिलं नाही. त्यांनी रुळांच्या पलीकडे कारवीच्या काठ्या आणि पेंढ्याची खोपटं बांधली. तिथल्या लाडकीबाईंशी माझी ओळख भाताच्या गिरणीत झाली. मी तिथं कारकून, त्या कोंडा न्यायला येत. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज कर, स्टेशनमास्तरांच्या विनवण्या कर, असं माझं वर्षभर चाललं होतं. (हंसा म्हणते, मला सगळ्या गावाची कामं दिसतात, फक्त घरातला गळका नळ दिसत नाही.)

संक्रांतीनंतर खडीच्या कंत्राटदाराला ढीग टाकायला ती जागा हवी झाली. मी गिरणीतून परततो तर खोपटं भुईसपाट, आणि लाडकीबाईंची सून चिमी, दिवस भरलेली, एका पाटीला टेकून बसलेली. मी फार विचार केला नाही. सगळ्यांना घरी घेऊन आलो. आक्का, माझ्या दोन खोल्या तू पाहिल्यास. त्यात माणसं, कोंबड्या आणि एक शेळी मावली. (शेळीनं पंचांग खाल्लं. म्हणून वरची तिथी अंदाजानं लिहिली आहे.) चिमीला मुलगी झाली ती आपल्या कॉटवर, हंसाच्या मच्छरदाणीत.

मग कंत्राटदाराच्या कचेरीवर मोर्चा नेला. मी भाषण तयार केलं होतं. ‘निवारा हा मानवाचा जन्मसिद्ध अधिकार’ इथून सुरुवात करून मी थेट रोमन साम्राज्यापर्यंत गेलो. कंत्राटदार ‘कल देखेंगे’ म्हणाला आणि आत गेला. आमच्या बाजूचे निम्मे लोक झोपले होते. लाडकीबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

“भाऊ, तुमी आता बसा,” त्या म्हणाल्या. “आमी पन बसतो. जागा देल तवर हितंच.”

आणि सगळे कचेरीच्या व्हरांड्यात बसले. चुली पेटल्या. इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या रत्नाबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्याच वाटेनं जात होत्या. त्यांना व्हरांड्यातलं ऊन फार आवडलं. त्यांनी कठड्यावर ओले बोंबील वाळत घातले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाट्या आणल्या. त्या दुपारी कंत्राटदाराकडे मुंबईचे साहेब जेवायला यायचे होते. आक्का, आपण देशावरची माणसं. मला त्या वासाची सवय व्हायला तीन वर्षं लागली. मुंबईचे साहेब मोटारीतून उतरलेच नाहीत.

कंत्राटदारानं हात जोडून नाल्याच्या अलीकडची खोलगट जागा देऊ केली. मंडळी उठायला लागली, पण तिथं मी आडवा आलो. आषाढात तिथं कमरेएवढं पाणी असतं, मी पाहिलंय. नाल्यापलीकडे उंचावर त्याचाच माळ रिकामा होता. तो द्या, मी म्हणालो. तो गिरणीच्या मालकाला सांगून माझी नोकरी घालवीन म्हणाला. हंसाला काय सांगू, असं मनात आलं, हे तुला म्हणून सांगतो. पण तोंडातून निघालं, “घालवा. पण माळ द्या.” त्यानं रत्नाबाईंच्या पाटीकडे पाहिलं आणि मान डोलावली. बांबूही दिले.

आता माळावर बारा घरं उभी आहेत, शेणानं सारवलेली. चिमीची पोर अंगणात पडून हातपाय झाडते. संध्याकाळी सगळ्या चुलींचा धूर एकदम वर चढतो तेव्हा मला, खरं सांगतो, काही बोलता येत नाही. आणि मला बोलता येत नाही, म्हणजे काय ते तू समज.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, नरहरी

ता. क. नोकरी शाबूत आहे. घर नाही. शेळीचं कळल्यावर घरमालक खंडेरावांनी सामान बाहेर काढलं. बाराव्या घरात मी राहतो. मला जागा द्यावी म्हणून लाडकीबाई सगळ्यांपुढे बोलल्या. (“भाऊला कोन नाय हितं. आपन नाय तं कोन बघल?” एवढंच. एकमतानं मंजूर.)

पुन्हा ता. क. हंसा पुढच्या सोमवारी परत यायची आहे. तिला अजून काहीच ठाऊक नाही. ती तुझं ऐकते. तेवढं तू कळव, आणि जमल्यास शेळी वगळून.

शेवटचं ता. क. हंसा येणार हे लाडकीबाईंना कळलं. आज बायकांनी मिळून माझ्या घरात कारवीचा कूड घातला आणि एका खोलीच्या दोन केल्या. मी मदतीला गेलो तर मला बाहेर बसवलं.