फीत कापेपर्यंत पाणी पिऊ नये

सोनागिरी, भोपाळ
रविवार, दुपारची झाकपाक झाल्यावर

तीर्थस्वरूप लीलाआत्यास,

अपर्णाचा वाकून नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे, तेव्हा चष्मा लावून आणि पाय वर घेऊन बस.

आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस की त्यांनाच करून दाखवायला लावतेस? (मास्तरणीची सवय जायला सात जन्म लागतात म्हणे, आणि तू तर प्राचार्या होऊन निवृत्त झालेली.) इकडे सगळं ठीक. अमितचा कारखाना आणि अमित, दोघंही आवाज करत चालू आहेत. शमिका बारावीला आहे. ती आमच्याशी मराठीत भांडते आणि हिंदीत रुसते. 'आई, तू ना फालतूमध्ये टेन्शन घेतेस यार' हे तिचं ताजं वाक्य. मी तिची 'यार' कधीपासून झाले ते मला कुणी कळवलेलं नाही.

मागे फोनवर तू विचारलंस, ऑफिसात नवीन काय? तेव्हा मी 'काही नाही' म्हणाले, कारण मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते आणि ही गोष्ट तांदूळ निवडता निवडता सांगण्यासारखी नाही. तर आत्या, नवीन असं की आम्ही सुखी झालो. आपोआप नाही हं, आदेशाने. आमच्या तीनखेडी नगर परिषदेत (भोपाळच्या वेशीबाहेर तीन खेडी एकत्र बांधून केलेलं गाव, ज्यातलं एकही खेडं दुसऱ्याशी बोलत नाही) वरून एक पत्र आलं की कर्मचाऱ्यांच्या मनाची आणि शरीराची काळजी घेण्यासाठी 'कर्मचारी कल्याण प्रकोष्ठ' स्थापन करावा. प्रकोष्ठ म्हणजे खोली. आमच्याकडे खोली नाही, म्हणून नुसता प्रकोष्ठ स्थापन केला. आणि त्याची नोडल अधिकारी म्हणून साहेबांनी मला नेमलं. मी विचारलं, सर, मीच का? तर म्हणाले, मॅडम, आपके पास जन्म भी है और मृत्यु भी है, तो बीच का कल्याण भी आप ही देख लीजिए. आता जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने याला काय उत्तर द्यायचं? घेतलं कल्याण अंगावर.

मग काय विचारतेस! सोमवारी श्वास. सगळ्यांनी अंगणात उभं राहून एक नाकपुडी बंद करून दुसरीने श्वास घ्यायचा. (आमच्या मागेच कचऱ्याच्या गाड्या उभ्या असतात, त्यामुळे अनुभवी लोक दोन्ही नाकपुड्या बंद ठेवतात.) बुधवारी हास्य. गोलात उभं राहून हा हा हा करायचं. दाखल्यासाठी रांगेत ताटकळलेले लोक आमच्याकडे बघत असतात आणि त्यांना वाटतं आम्ही त्यांनाच हसतोय, ज्यात तसं खोटं काही नाही. शुक्रवारी मी 'सुखद समाचार' नावाचं कार्यालयीन वार्तापत्र काढायचं. त्यात फक्त चांगल्या बातम्या. एका अंकात चांगली बातमी मिळेना म्हणून मी लिहिलं की जिन्यातला दिवा लागला. तो दुसऱ्या दिवशी गेला, पण खेदजनक बातम्यांचं वार्तापत्र आमच्याकडे नाही.

आणि मग आली बाटली. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्टीलची मोठी बाटली, तिच्यावर रेघा, आणि रेघेरेघेवर लिहिलेलं की या वेळेपर्यंत इतकं पाणी पोटात गेलंच पाहिजे. सोबत आरोग्य शिबिर. डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना ओळीने तपासलं आणि ओळीने एकच सांगितलं, पानी कम पीती हैं आप लोग, पानी पीजिए. आम्ही सगळ्याजणी मान खाली घालून हो डॉक्टर, हो डॉक्टर म्हणालो. बाटलीचं काय केलंस विचारशील, तर माझीत मी मनीप्लांट लावलाय. छान वाढतोय. आमच्या कार्यालयात वेळेवर पाणी पिणारा तो एकटाच.

का पीत नाही, हे आता सांगते. आत्या, आमच्या कार्यालयात बायकांसाठी संडास-बाथरूम आहे. नाही असं कुणी म्हणू नये. उत्तम आहे. पांढऱ्या फरशा आहेत, आरसा आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, दारावर 'महिला प्रसाधन' अशी निळी पाटी आहे. फक्त दाराला कुलूप आहे. गेल्या दिवाळीच्या आधी ते बांधून तयार झालं आणि होळी होऊन गेली तरी ते बंद आहे, कारण त्याचं लोकार्पण झालेलं नाही. आमच्याकडे लोकार्पणाशिवाय काही वापरायची पद्धत नाही. बाकडं आलं तरी त्याला फीत बांधतात, आणि कुणीतरी मोठं माणूस येऊन ती कापेपर्यंत लोक त्या बाकड्याशेजारी उभे राहतात.

मग कापा की, म्हणशील. अगं, कोण कापणार? अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले की बगीचा, गेट, नाला, काहीही सांगा, कापतो, पण संडासाच्या दारात कात्री घेऊन फोटो नको, विरोधक गल्लोगल्ली लावतील. मग त्या वेळच्या साहेबांनी ठरवलं की आपणच कापू. संगमरवरी पाटी आली, तिच्यावर साहेबांचं नाव पदवीसकट कोरलं, भिंतीत पक्की बसवली, आणि साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. ते म्हणाले की दुसऱ्याच्या नावाखाली मी फीत कापली तर लोक काय म्हणतील? पाटी बदला. पाटी बदलायची तर निविदा. निविदा काढायची तर आधी दाखवायला हवं की जुनी पाटी खराब झाली. आणि त्या मेलीला ओरखडासुद्धा नाही!

एकदा मंजूषा (नळ शाखेत माझ्यासमोर बसते, अख्ख्या तीनखेडीला पाणी सोडायचं वेळापत्रक तीच करते) पेचकस (आपला स्क्रू-ड्रायव्हर) घेऊन कडीच काढायला गेली. चौकीदार धावत आला. हात जोडून म्हणाला, मॅडमजी, अभी लोकार्पण नहीं हुआ है, आप अंदर गईं तो मेरी नौकरी जाएगी. त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. मंजूषाने पेचकस पदराखाली घेतला आणि परत आली.

पुरुषांना काय, त्यांना अख्खी तीनखेडी मोकळी. आम्ही आधी समोरच्या बँकेत जायचो. तिथला गार्ड विचारायला लागला की आपका खाता है? म्हणून आम्ही सगळ्यांनी तिथे खाती उघडली. मॅनेजरने आमचा सत्कार केला, महिला बचतीबद्दल. मग बँकच दुसरीकडे गेली. आता आम्ही चौकातल्या साड्यांच्या दुकानात जातो. दुकानामागेच मालकाचं घर आहे. पण सरळ घरात कसं शिरणार? म्हणून आधी गादीवर बसायचं, दोन साड्या उलगडायला लावायच्या, काठ बघायचे, नाक मुरडायचं, आणि मग सहज आठवल्यासारखं 'भाभीजी घर पे हैं क्या?' म्हणायचं. रोज नुसतं बघून उठणं बरं दिसत नाही, म्हणून परकर घ्यायचे. माझ्या कपाटात आता परकरांची एवढी चळत झालीय की अमित विचारतो, तू दुकान काढतेयस का? हे सगळं मी हसत सांगतेय बघ. पण मागच्या महिन्यात मी दुकानाची पायरी चढले तर तो म्हातारा मालक हळूच म्हणाला, बहनजी, पहले हो आइए, साडी बाद में दिखाता हूँ. भला माणूस गं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं सरकारी नोकरी केली, गावाचे जन्म लिहिले, मरण लिहिलं, आणि ही माझी पत.

बरं, तक्रार करावी तर त्याचीही सोय कल्याणात आहे. 'मन हल्का करें' नावाची दूरध्वनी सेवा. नाव गुप्त राहील, मनातलं बोला. मी एका दुपारी जिन्यात उभी राहून फोन लावला. पलीकडे एक गोड मुलगी. तिला सगळं सांगितलं, कुलूप, पाटी, परकर, सगळं. ती म्हणाली, मॅम, आपकी भावनाएँ बिल्कुल जायज़ हैं, आणि मला खरंच भरून आलं. चौथ्या दिवशी आमचा आवक-जावकवाला हर्षल एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. एका अज्ञात महिला कर्मचाऱ्याची गोपनीय तक्रार, संबंधित नोडल अधिकाऱ्याकडे निराकरणासाठी. म्हणजे माझी तक्रार माझ्याचकडे! खाली लिहिलेलं, तक्रारदाराशी चर्चा करून तिचं समाधान झाल्याचं सात दिवसांत कळवावं. मी प्रामाणिकपणे चर्चा केली. स्वतःशी. तक्रारदार बाई फार हटवादी निघाल्या, ऐकेचनात. तसं मी लिहून पाठवलं, 'शिकायतकर्ता संतुष्ट नहीं', तर मला नोटीस आली की तुमच्या स्तरावर प्रकरण प्रलंबित का? हर्षल म्हणाला, मॅडम, संतुष्ट लिख दो ना, क्या जाता है. त्याचं काय जातंय!

मी कदाचित लिहिलंही असतं, खोटं का बोलू. पण मंजूषाला ताप भरला. आधी आम्हाला वाटलं थंडी-ताप. ती कण्हत कण्हत कामाला येत राहिली, कारण रजा संपलेल्या. मग एका सकाळी ती टेबलावर डोकं टेकून बसली ती उठेचना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडापर्यंत चढलेला. डॉक्टरीणबाईंनी तिला नाही, मला झापलं. शिकलेल्या बायका ना तुम्ही, दिवसदिवस पाणी पीत नाही, धरून ठेवता, अजून एकदा असं झालं तर मूत्रपिंड कायमचं जाईल, कळतंय का? मंजूषा सलाईन लावलेल्या हाताने माझा हात धरून म्हणते, अपर्णा, सोमवारी पाणी सोडायचं वेळापत्रक तेवढं लावून दे. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. आत्या, मी ऑफिसच्या कारणाने कधी रडत नाही.

त्यानंतरच्या बुधवारी हास्य होतं. साहेब स्वतः आले होते. म्हणाले, आज हसण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, जिच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. कुणी झाड म्हणालं, कुणी साहेब म्हणालं. माझी पाळी आली. मी म्हटलं, सर, मी साडीवाल्या भाभीजींची कृतज्ञ आहे. आणि मग जी सुटले ती सुटलेच. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मंजूषाचा रिपोर्ट वाचून दाखवला. परकर सांगितले. शेवटी म्हटलं, या शुक्रवारच्या 'सुखद समाचार'मध्ये हेच छापते, बातमी चांगली आहे, बाई अजून जिवंत आहे. एवढ्या शांत वातावरणात आमचं हास्य कधी झालं नव्हतं.

साहेब तसे वाईट नाहीत, घाबरट आहेत. खोलीत बोलावून पाणी दिलं (मी प्यायले नाही, सवयीने) आणि म्हणाले, बघतो, काहीतरी मार्ग काढतो. तर असं आमचं कल्याण चाललंय. तू त्याची चिंता करू नकोस, तब्येतीला जप, अमितचा आणि शमिकाचा नमस्कार घे. मनीप्लांटही मजेत आहे.

तुझी,
अपर्णा

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात साहेबांनी मार्ग काढलाय. फीत अशा व्यक्तीने कापावी जी बाहेरची आहे, राजपत्रित आहे, महिला आहे आणि जिला तीनखेडीत कुणी ओळखत नाही, म्हणजे कुणाचाच आक्षेप नाही. अशी कोण मिळणार, असं ते मोठ्या आशेने म्हणाले. मी म्हटलं, आहे माझ्याकडे एक, नागपूरला, निवृत्त शासकीय प्राचार्या. त्यांचा चेहरा बघायला हवा होता. तेव्हा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तू मुख्य अतिथी आहेस. निवृत्तीनंतर पुन्हा कधी हार घालून घेणार नाही अशी शपथ तू घेतलीयस, मला माहीत आहे. हार मी रद्द करवलाय. नुसती कात्री.

ता. क. २ : जुन्या साहेबांच्या नावावर चिकटवायला तुझ्या नावाची पट्टी छापून आणलीय, म्हणजे आता नाही म्हणायची सोय नाही. बुधवारी रात्रीचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ. अमित स्टेशनवर हबीबगंजला घ्यायला येईल (नाव बदललं, पण रिक्षावाले अजून तेच म्हणतात). मंजूषाला दवाखान्यातून सोडलंय, तीही येणार म्हणते.

ता. क. ३ : सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुझं भाषण पाऊण तासाच्या आत कधी संपलेलं नाही, आणि ते चांगलं असतं, वादच नाही. पण आत्या, पाया पडते, त्या दिवशी आधी फीत काप आणि मग हवं तितकं बोल. आम्ही सगळ्याजणी सकाळपासून पोटभर पाणी पिऊन येणार आहोत.