शिवच्या रायफलीची काडतुसे

मी, शंतनू मनोहर देवस्थळी, वय त्रेसष्ट, राहणार शुगर लँड, टेक्सास, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा नोंदवत आहे. बोटांत पेन धरवत नाही, म्हणून मी सांगतो आणि शेजारची ऋता लिहिते. डॉक्टर म्हणतात, स्नायू जात राहतील, बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. ती आधी गेली असती तर बरे झाले असते.

१. या घरातला माझा हिस्सा आणि बँकेत जे असेल ते पत्नी सुलेखा हिला मिळावे. ती आमच्या मुलीकडे, अनिकाकडे, अ‍ॅशबर्नला राहते. मला सोडून गेली म्हणून तिला कोणी बोल लावू नये. अंमलबजावणी अनिकाने करावी.

२. गॅरेजमधले काडतुसे भरायचे सामान, म्हणजे गोळी दाबून बसवायचा प्रेस, तराजू, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, मागेल त्याला द्यावे. कोणी मागेलसे वाटत नाही. पण ते का घेतले, हे सांगून ठेवतो.

माझा मुलगा शिव कॉलेजात असताना हरणांच्या शिकारीला जाऊ लागला. त्याच्या रायफलीला दुकानातली काडतुसे मानवत नव्हती, गोळ्या भलतीकडे जात. पहिल्याच मोसमात एक मादी जखमी होऊन झाडीत शिरली. आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरलो. ती सापडली नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, "बाबा, नेव्हर अगेन. एका गोळीत पडणार असेल तरच. नाहीतर मी रायफल उचलणार नाही."

मी तेलकंपनीत जन्मभर दाब मोजलेला माणूस. म्हटले, "मग आपणच भरू."

तेव्हापासून पुंगळ्या घासायच्या, दारू कणाकणाने तोलायची, गोळी केसभर आत-बाहेर बसवून पाहायची आणि शनिवारी तो शिकार करायचा त्या रँचवर कागदावर चाचणी घ्यायची, हेच आमचे बोलणे झाले. एरवी त्याचे माझे फार जमत नसे. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा सगळी भोके एका नाण्याखाली झाकली गेली. शिव माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्यानंतर त्याच्या हातून एकही जनावर तडफडत गेले नाही. हे मी शपथेवर सांगतो.

३. सुलेखाचा भाऊ विनय, राहणार अर्विंग, याला काही नाही.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात शिव एकटाच रँचकडे निघाला होता. रस्त्यात हरीण आडवे आले. त्याला चुकवायला त्याने गाडी वळवली, ती झाडावर आदळली. शिव जागीच गेला. हरीण वाचले, असे पोलिसांनी सांगितले. तेराव्याला, पाने वाढलेली असताना, विनय मला म्हणाला, "मुक्या जनावरांचे तळतळाट लागतात, भाऊजी." पंगतीतल्या कोणी त्याला गप्प केले नाही. त्याला मी माफ केलेले नाही, करणारही नाही.

पाहुणे गेल्यावर मी सुलेखाला विचारले, "ऐकलंस तो काय म्हणाला?"

ती म्हणाली, "मला तेच वाटत होतं. तो फक्त बोलला."

त्यानंतर ती गॅरेजात आली नाही. वर्षभराने घरातही राहिली नाही.

४. रायफल रँचमालक डेल याच्याकडे आहे. घरात शस्त्र आहे का, असे डॉक्टरांनी विचारले त्याच आठवड्यात मी ती त्याला नेऊन दिली. ती त्याचीच. पण तिच्याबरोबर दिलेली, शिवने शेवटची भरलेली काडतुसे त्याने उडवू नयेत. परक्याने भरलेले काडतूस आपल्या रायफलीत घालायचे नाही, हा या कामातला पहिला नियम. डेलने एकेका काडतुसातली गोळी उपसून काढावी, दारू मोकळ्या शेतात पसरावी, पितळ भंगारात द्यावे. मग आम्ही दोघांनी मिळून केलेले काहीच उरणार नाही. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

५. माझे तेरावे करू नये.

६. गेल्या रविवारी सुलेखाचा फोन आला. मी विचारले, "तुला अजून तसंच वाटतं?"

ती म्हणाली, "जेवलास का तू?"

"हो," मी म्हटले. जेवलो नव्हतो. हे मृत्युपत्र तिच्यासमोर वाचावे, पण तो प्रश्न तिला पुन्हा कोणी विचारू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. सही वाकडी आली तरी माझीच समजावी.

शंतनू मनोहर देवस्थळी

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
ऋता अभ्यंकर
निमिष अभ्यंकर

शुगर लँड, टेक्सास
१४ ऑक्टोबर २०२४